घोरण्यावर दातांचा साचा चालेल का?

प्रश्न : माझे पती (वय ५२) खूप घोरतात. मध्येच श्वास थांबतो, मग दचकून जागे होतात. दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते. घोरणं थांबवणारा दातांचा साचा ऑनलाइन मिळतो. तो मागवू का? ते म्हणतात, घोरणं म्हणजे गाढ झोप.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ही गाढ झोप नव्हे. तुमच्या वर्णनावरून स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याच्या आजाराची शंका येते, म्हणून साचा मागवण्याआधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी करा. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडखळला तर आजार सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तीव्र आजारात हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीनच पहिली पसंती.

सौम्य-मध्यम आजारात, किंवा मशीन सोसतच नसेल तर, दंतवैद्याने मापं घेऊन बनवलेला साचा चांगला उपयोगी पडतो. तो खालचा जबडा किंचित पुढे धरतो, त्यामुळे जीभ मागे पडून घसा बंद होत नाही. जबडा किती पुढे घ्यायचा, हे हळूहळू ठरवावं लागतं. गरम पाण्यात मऊ करून चावायच्या तयार साच्यात ही सोय बहुधा नसते. शिवाय घोरणं थांबलं तरी श्वास अडखळत राहू शकतो. म्हणून साचा लावून पुन्हा तपासणी हवीच.

हलणारे दात, हिरड्यांचा आजार, जबड्याच्या सांध्याचं दुखणं असेल तर दंतवैद्याला आधी सांगा. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा अवघडतो. बहुतेकांना सवय होते. वर्षानुवर्षांच्या वापराने चावा थोडा बदलू शकतो.

घाबरू नका, यावर उपचार आहेत. मात्र तोवर त्यांना रात्री दारू, डॉक्टरांना न विचारता झोपेच्या गोळ्या आणि पेंगत गाडी चालवणं बंद करायला सांगा.