शाळेच्या अंगणातील देशी वनस्पतींची बाग

जबलपूर शहरातील कमानिया गेट १९३९ सालच्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक म्हणून प्रसिद्ध आहे. भोवती दाट बाजारपेठ आहे. दुकाने, फरसबंदी व रहदारी यांच्यामुळे तेथे मोकळी माती फारशी दृष्टीस पडत नाही. अशा वस्तीतील एखाद्या शाळेपाशी दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद एवढे अंगण असेल, तर त्यात काय लावावे?

क्रोटन, बोगनवेल व कातरलेली हिरवळ हे नेहमीचे उत्तर होय. असे अंगण नीटनेटके दिसते. पण ही शोभेची झाडे दूरदेशींची असून, त्यांची पाने खाऊन जगणारे येथील कीटक थोडेच आहेत. चिमणी दाणे टिपणारी असली, तरी आपल्या पिलांस ती मुख्यत्वे अळ्या व किडे भरविते. म्हणून ज्या बागेत एकही पान कुरतडले जात नाही, त्या बागेत चिमणीची पिले उपाशी राहतात. देशी बागेचे सारे शास्त्र या एका गोष्टीत सामावलेले आहे. वनस्पती, तीवर जगणारा कीटक, त्यास खाणारा पक्षी आणि सर्वांच्या अवशेषांची माती करणारे सूक्ष्मजीव मिळून जी साखळी होते, तिला परिसंस्था म्हणतात.

झाडांची निवड

जबलपूरच्या आसपासचे रान पानझडीचे आहे. त्यात साग, पळस, मोह, तेंदू, बहावा, बेल, आवळा ही झाडे आढळतात. तथापि रानातील प्रत्येक झाड अंगणात मावणार नाही. वड, पिंपळ व उंबर यांची मुळे भिंतीत शिरतात. त्यांना येथे स्थान देऊ नये.

साठ चौरस मीटरांत दोन मध्यम वृक्ष पुरेत : एक बहावा व एक बेल. बहाव्याच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, तर बेलावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालते. वृक्षांखाली झुडपांचा थर असावा : कढीलिंब, अडुळसा, निर्गुडी व धायटी. धायटीची तांबडी फुले उन्हाळ्याच्या तोंडी येतात व त्यांतील मध मधमाश्यांच्या उपयोगी पडतो. कुंपणावर गुळवेल चढवावी. जमिनीलगत तुळस, शतावरी व दूर्वा लावाव्यात. वर्षाच्या प्रत्येक ऋतूत काही ना काही फुललेले असावे, हे निवडीचे मुख्य सूत्र होय.

रुईचे एक झाड कोपऱ्यात अवश्य ठेवावे. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर पोसतात, आणि त्या कडू अन्नामुळे पक्षी सहसा या फुलपाखराच्या वाटेस जात नाहीत. मात्र रुईचा चीक डोळ्यांस घातक आहे. म्हणून ती लहान मुलांच्या हाताबाहेर असावी.

पाणी आणि माती

जबलपुरास वर्षाकाठी एक हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे शंभर चौरस मीटर छपरावर हजार मिलिमीटर पावसाने एक लक्ष लिटर पाणी जमते. एक पंचमांश वाया गेले असे धरले, तरी ऐंशी हजार लिटर उरते. पन्हळीचे हे पाणी गटारात न सोडता, दगडगोट्यांनी भरलेल्या उथळ चरातून बागेत मुरवावे.

खड्डे मे महिन्यात खणून ठेवावेत आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. खरी कसोटी त्यापुढील दोन उन्हाळ्यांची असते. कारण पारा चाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा शाळेस सुट्टी असते. यावर जुना उपाय असा : रोपाशेजारी भाजलेल्या मातीचे, झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे व पाण्याने भरून झाकण ठेवावे. पाणी हळूहळू पाझरत मुळांपर्यंत पोहोचते. गळलेली पाने जाळू नयेत. बुंध्याभोवती पसरल्यास ओल टिकते व पुढे त्यांचेच खत होते.

नको असलेले पाहुणे

घाणेरी व गाजरगवत या दोन्ही वनस्पती अमेरिका खंडातून आल्या व मोकळी जागा सापडताच पसरतात. गाजरगवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेस पुरळ येतो. म्हणून ते फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून मोठ्या माणसांनी उपटावे. अशा तणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९८९ साली जबलपुरातच स्थापन झाली, हे येथील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बागेत कीटकनाशक फवारू नये. बेलाचे पान कुरतडलेले दिसताच औषध शोधण्याचा मोह होतो. परंतु त्या वेळी औषधाऐवजी वही काढावी. कोणत्या दिवशी, कोणत्या पानावर, कोणती अळी दिसली व ती किती दिवसांनी कोशात गेली, याची नोंद प्रत्येक वर्गाने ठेवून ती पुढील वर्गाच्या हाती सोपवावी. पाच वर्षांच्या अशा नोंदींवरून कोणते फूल कधी येते व त्यामागून कोणता जीव येतो, याचे त्या अंगणापुरते पंचांगच तयार होईल. दुसऱ्या गावी छापलेल्या पुस्तकातून ते मिळणार नाही.