आधी कान, मग जीभ

वाचनासाठी शास्त्रभाग : मार्क ७:३१-३७



या अंकाच्या अभ्यासलेखासाठी मी ‘उशिरा बोलणारी मुले’ हा विषय घेतला आहे. तसे करण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे, म्हणून आधी तीच सांगते.

बारा वर्षांपूर्वी मेळघाटातल्या एका कोरकू गावात अंगणवाडीतल्या मुलांची वजने घ्यायला मी गेले होते. तीन वर्षांचा होत आलेला एक मुलगा भिंतीला टेकून एकटाच बसला होता. “हा काही बोलतच नाही,” सेविका म्हणाली. मी त्याला जवळ घेतले, चित्रे दाखवली, मराठीत नावे विचारली. तो गप्प. थोड्या वेळाने त्याने कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केले आणि “डा” असे काहीसे म्हणाला. मी वहीत लिहिले : एकही शब्द नाही.

कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात, हे मला पुढे कळले. त्याने मला पाणी मागितले होते.

त्याच दिवशी मी त्याच्या आईला सांगितले, “याच्याशी कोरकू बोलू नका, मराठीच बोला. दोन भाषांनी मूल गोंधळते. शिवाय शाळा मराठीतच आहे.” मी हे अगदी खात्रीने सांगितले, कारण मीही ते मोठ्यांकडून असेच ऐकले होते. आईने मान हलवली.

चार महिन्यांनी मी पुन्हा गेले, तेव्हा मुलगा पहिल्यापेक्षाही गप्प झाला होता. त्याहून जास्त मला जाणवली ती घरातली शांतता. आईने त्याला जेवायला वाढले, तोंड धुतले, खेळायला सोडले, पण तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मी कारण विचारले. ती म्हणाली, “ताई, तुमीच तं सांगतलं, कोरकू बोलू नको म्हून. मराठी मले बाजारापुरती येते. मंग त्याच्याशी मी काय बोलू?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मदत करायला गेलेल्या मी एका आईला तिच्याच घरात मुकी केली होती.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुलाच्या उशीवर डाग होते आणि जवळ घेतल्यावर वास येत होता. त्याचे दोन्ही कान वाहत होते. पहिल्या भेटीत मी त्याची जीभ तपासायला बसले होते, कानाकडे पाहिलेच नव्हते. पुढे डॉक्टरांनी सांगितले, की दोन्ही पडद्यांना भोके आहेत आणि त्याला कमी ऐकू येत असणार. औषधोपचार कित्येक महिने चालले. नंतर शहरातल्या एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंना त्याला दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घरी कोणती भाषा बोलतात?” मी सगळे सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “आईला उद्यापासून कोरकूतच बोलायला सांगा. मराठी शाळेत येईल.”

प्रभूने काय केले?

आता शास्त्रभागाकडे वळू. दकापलीस म्हणजे दहा नगरांचा प्रदेश. तिथे ग्रीक आणि अरामी अशा दोन्ही भाषा कानावर पडत. तिथे लोकांनी एका माणसाला प्रभूकडे आणले. तो बहिरा होता आणि त्याचे बोलणे अडखळत होते. मार्कने वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मोठ्या कष्टाने बोलणारा’ असा आहे. नव्या करारात हा शब्द फक्त इथेच येतो.

प्रभूने कोणत्या क्रमाने काय केले ते पाहा. त्याने त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले. मग त्याच्या कानांत बोटे घातली आणि त्यानंतर त्याच्या जिभेला स्पर्श केला. परिणामही त्याच क्रमाने सांगितला आहे : कान उघडले, जिभेचा बंध सुटला आणि तो नीट बोलू लागला.

थिऑलॉजीचा डिप्लोमा करताना आम्हाला शिकवले होते, की मार्कने आपले शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले, पण काही ठिकाणी प्रभूच्या तोंडचे अरामी शब्द तसेच ठेवले. ‘इप्फाथा’ हा त्यांपैकी एक. ग्रीक वाचकांसाठी मार्क त्याचा अर्थ देतो, पण मूळ शब्द गाळत नाही. परीक्षेत मी यावर उत्तर लिहिले होते. त्या कोरकू आईच्या घरातून परतताना मात्र तो शब्द मला वेगळाच ऐकू आला.

हा भाग काही वैद्यकशास्त्राचा धडा नाही, आणि चमत्कारातून उपचाराची पद्धत काढू नये हेही मला मान्य आहे. तरीही दुःखी माणसाला गर्दीतून बाजूला घेणे आणि त्याच्या कानांकडे आधी पाहणे, एवढे तरी आपण प्रभूकडून शिकू शकतो.

संशोधन काय सांगते?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. आपल्या कामाला उपयोगी पडतील असे चार मुद्दे सांगते.

१. हा त्रास दुर्मीळ नाही. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. दुसरे कोणतेही ठळक कारण नसताना भाषा शिकण्यात गंभीर अडचण असलेली मुले सुमारे साडेसात टक्के निघाली. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. ही मुले ‘मंद’ नसतात, आळशी नसतात आणि आईवडिलांच्या दुर्लक्षामुळेही तशी झालेली नसतात. पुढच्याच वर्षी सहा इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांनी या त्रासाला कोणते नाव द्यावे यावर एकमत केले. त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली : मूल घरच्या भाषेत चांगले बोलत असेल आणि फक्त शाळेच्या भाषेत अडत असेल, तर तो विकार नव्हे. त्याला ती भाषा अजून यायची आहे, इतकेच.

२. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. कॅनडात फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा बोलणारी, पण भाषेचा विकार असलेली सात वर्षांची मुले अभ्यासली गेली. तोच विकार असलेल्या एकभाषिक मुलांशी त्यांची तुलना केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन भाषांची मुले कोणत्याच भाषेत जास्त मागे आढळली नाहीत. त्यात दोन भाषांची मुले आठच होती. मात्र पुढे डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या मुलांच्या अभ्यासांतही दुसऱ्या भाषेमुळे नुकसान झाल्याचे दिसले नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. संथाली आणि मुंडारी तिच्या बहिणी. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. म्हणून आमच्या मुलांना मराठी शिकायला वेळ लागतो. तो वेळ द्यायला हवा. त्यासाठी कोरकू काढून घेण्याची गरज नाही.

३. नुसत्या शब्दांपेक्षा देवाणघेवाण महत्त्वाची. अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातले बोलणे छोट्या यंत्रावर टिपून घेतले. नंतर ती मुले गोष्टी ऐकत असताना त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. मोठ्यांनी किती शब्द उच्चारले यापेक्षा ‘तू बोल, मी बोलतो’ अशा किती फेऱ्या झाल्या, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त जवळचा संबंध दिसला. घरची कमाई आणि आईवडिलांचे शिक्षण विचारात घेतले तरी हा संबंध टिकला. हा अभ्यास २०१८ सालचा आहे. तो लहान आहे आणि त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण महागडी खेळणी नसलेल्या घरासाठी त्यात आशा आहे.

या देवाणघेवाणीत आईबापांना शिकवून तयार केले तर काय होते, हेही पाहिले गेले. २०११ साली अशा १८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. आईवडिलांनी घरी केलेल्या प्रयत्नांनी मुलांची समज आणि बोलणे दोन्ही सुधारल्याचे त्यात आढळले. जिथे तज्ज्ञ शंभर किलोमीटरवर आहे, तिथे या गोष्टीचे मोल तुम्हीच ठरवा.

४. कान लवकर तपासले तर फरक पडतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात श्रवणदोष असलेल्या १५० मुलांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेलेल्या ७२ मुलांची भाषा उरलेल्या ७८ मुलांपेक्षा बरीच पुढे होती. आमच्या भागात जन्मतः असलेल्या बहिरेपणाइतकाच वाहणारा कान महत्त्वाचा आहे. ‘कान फुटणे मुलांना असतेच’ म्हणून सोडून देऊ नये. वाहत्या कानात तेल किंवा कसलाही रस घालू नये. कान कोरडा ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

आता आम्ही काय करतो?

आमच्या नोंदवहीत पूर्वी ‘बोलतो / बोलत नाही’ असा एकच रकाना होता. आता त्याच्या आधी दोन रकाने आहेत : कान तपासले का? घरची भाषा कोणती? मुलाशी पहिले बोलणे गावातलीच कोरकू बोलणारी कार्यकर्ती करते. मी बाजूला बसून ऐकते.

आयांना आम्ही चार साध्या गोष्टी सांगतो. मुलाच्या तोंडासमोर बसून बोला. ते ज्याकडे पाहत आहे त्याविषयीच बोला. तुमचे बोलून झाले की थांबा, मनात पाच मोजा, त्याला वेळ द्या. त्याने एक शब्द काढला तर त्यात आणखी एक घालून परत द्या. ते ‘पाणी’ म्हणाले तर तुम्ही ‘थंड पाणी’ म्हणा. हे सगळे चुलीपुढे, नदीवर, मोहफुले वेचताना आपल्या भाषेत करता येते. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

सरकारी सोयही आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. श्रवणदोष आणि भाषेचा उशीर हे दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. गरज असलेल्या मुलाला ते जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. चिठ्ठी मिळते, पण मजुरी बुडवून आणि गाडीभाडे भरून तिथे जाणे आईला जमत नाही. तुमच्या देणगीतला काही भाग याच भाड्यासाठी खर्च होतो, हे तुम्हाला कळावे.

पुढील खुणा दिसल्या तर वाट पाहू नये : वर्षाचे मूल हाकेला वळत नाही, दीड वर्षाचे झाले तरी अर्थाचा एकही शब्द नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही, येणारे शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले. शब्द कोणत्याही भाषेतला असो, तो मोजायचा.

हे फक्त डोंगरातल्या घरांसाठी नाही. आपल्या शहरी मंडळ्यांतही नातवंड उशिरा बोलते म्हणून आजीला ‘त्याच्याशी इंग्रजीतच बोला’ असे सांगितले जाते. मग आजी दोन-चार वाक्यांत संपते. तिला तिच्या मराठीत बोलू द्या.

तो मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे आणि आश्रमशाळेत शिकतो. एका कानाने त्याला अजून कमी ऐकू येते आणि काही उच्चार अस्पष्ट आहेत. घरी तो कोरकू बोलतो, शाळेत मराठी. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्याने मला न विचारताच पाण्याचा तांब्या आणून दिला. मी त्याच्या आईची क्षमा मागितली. ती हसली आणि म्हणाली, “तुमाले तवा कोरकू येत नव्हती, ताई.”

चर्चेसाठी प्रश्न

१. प्रभूने त्या माणसाला गर्दीपासून बाजूला का नेले असावे? आपण गरजूंना मदत करतो, तेव्हा त्यांचा मान कसा राखतो?

२. खात्रीने दिलेला आपला एखादा सल्ला पुढे चुकीचा ठरला आहे का? ते त्या व्यक्तीला जाऊन सांगितले का?

३. आपल्या मंडळीत कमी ऐकू येणारे किंवा अडखळत बोलणारे कोणी आहे का? उपासनेत त्यांना कुठे बसवतो, त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबतो का?

प्रार्थनेचे विषय

कान वाहणारी आणि उशिरा बोलणारी आमच्या गावांतली मुले, त्यांच्या आया, अंगणवाडी सेविका आणि आशाताई, वाचा-उपचाराचे शिक्षण घेऊन आदिवासी भागात यायला तयार होणारे तरुण. आणि आम्हा कार्यकर्त्यांसाठी, की सल्ला देण्याआधी आमचे स्वतःचे कान उघडावेत.