हौशी रेडिओवरून लेखी निरोप : साध्या मोडेमचे कार्य

भूकंप वा चक्रीवादळामुळे दूरध्वनी बंद पडले, की हौशी रेडिओचालकांचे म्हणजेच ‘हॅम’ मंडळींचे साहाय्य मोलाचे ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याचा अनुभव आला. मात्र जखमींची नावे किंवा औषधांची मात्रा तोंडी कळविताना ऐकण्यात चूक होऊ शकते; आणि औषधाच्या मात्रेत एक शून्य अधिक पडणे ही किरकोळ चूक नव्हे. ‘पॅकेट रेडिओ’ हा यावरील एक उपाय होय.

कॅनडातील माँट्रिअल येथील हौशी चालकांनी १९७८ मध्ये या पद्धतीचे प्रयोग केले. मजकुराचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासोबत एक तपासणी-अंक पाठविला जातो. तो न जुळल्यास तुकडा नाकारला जातो आणि पोहोच न मिळाल्यामुळे पाठविणारे केंद्र तो पुन्हा पाठविते.

संगणकास शून्य व एक एवढेच कळते, तर साध्या वायरलेस संचास आवाज. मोडेम हा या दोहोंमधील दुभाषी. सेकंदास १२०० बिट या गतीकरिता तो १२०० व २२०० हर्ट्झचे दोन सूर वापरतो : सूर बदलला तर शून्य, कायम राहिला तर एक. हे सूर मानवी बोलण्याच्याच पट्ट्यात बसत असल्याने संच उघडावा लागत नाही. मायक्रोफोन व स्पीकर यांच्या जोडण्या पुरतात. जर्मन हौशी चालकांचा ‘बेकॉम’ मोडेम टीसीएम ३१०५ या एकाच मुख्य चिपवर चाले व आपली वीजही संगणकाच्या सीरियल पोर्टमधूनच घेई. आता हेच काम संगणकाचे साउंड कार्ड व विनामूल्य प्रणाली करतात.

गती अर्थातच मंद आहे. एका तुकड्यात सामान्यतः २५६ बाइट मावतात व त्यास सुमारे दोन सेकंद लागतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागत असल्याने मराठी मजकूर जेमतेम ८५ चिन्हांचा बसतो. काना-मात्राही त्यातच मोजावयाच्या. म्हणून निरोप आटोपशीर हवा. लघुलहरींवर तर ३०० बिटांवरच समाधान मानावे लागते, कारण तेथे एकच संदेश अनेक मार्गांनी मागेपुढे पोहोचून बिट एकमेकांत मिसळतात.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे आवाजाची पातळी फार चढी ठेवणे. कानाला सूर खणखणीत वाटतात, पण ते विकृत झालेले असतात आणि तुकड्यामागून तुकडा नाकारला जातो. प्रक्षेपक पुरता सुरू होण्यापूर्वीच मजकूर सोडल्यासही तेच होते. यासाठी आरंभी सुमारे ३०० मिलिसेकंदांचा अवधी ठेवतात.

प्रक्षेपणासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाचा हौशी परवाना आवश्यक आहे. व्यापारी निरोपांस व गुप्त लिपीस मनाई असल्याने पाठविलेली यादी कोणासही वाचता येते. रुग्णांची माहिती देताना गावच्या अधिकाऱ्याने, नाव व गाव यांपलीकडे काय कळविणे अगत्याचे आहे, हे आधीच ठरवावे.