जुन्या फियाटला दुसरे इंजिन : आधी नंबर, मग लोखंड

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि पैसा

प्रश्न : सांगलीच्या एका वाचकाकडे वडिलांनी १९७० साली नवी घेतलेली फियाट ११०० आहे. गाडी बरीच वर्षे शेडमध्ये उभी राहिली आणि इंजिन जाम झाले. वडील आता हयात नाहीत, पण आरसी पुस्तक अजून त्यांच्याच नावावर आहे. गाडी पुन्हा चालती करायचीच, असे या वाचकाने मनाशी ठरवले आहे. मेस्त्रीने तीन वाटा सांगितल्या : कुर्ल्याच्या भंगार बाजारातून पद्मिनी टॅक्सीचे इंजिन रोखीने उचलावे, मारुतीचे डिझेल इंजिन बसवून कटकट मिटवावी, किंवा इटलीहून जुने इंजिन मागवावे. यातले कायद्यात काय बसते आणि पैसे कुठे अडकतात, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर : या तिन्ही वाटांच्या आधी चौथी वाट तपासावी, ती म्हणजे गाडीतलेच इंजिन वाचवण्याची. उभ्या गाडीचे इंजिन जाम झाले म्हणजे ते संपले असे नव्हे. बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला चिकटलेल्या असतात. इंजिन खोलून, बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात. बोअर फार मोठा झाला असेल तर स्लीव्ह बसवता येतात आणि क्रँकचे ग्राइंडिंग होते. ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे हे १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे साधे इंजिन आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते फियाट ११०० मध्ये आणि पुढे पद्मिनीतही वापरले. त्यामुळे मशीनशॉपमधल्या जुन्या कारागिरांना ते चांगले ठाऊक आहे.

याचा कायद्याशी थेट संबंध आहे. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉक तोच राहिला तर हेड, क्रँक, पिस्टन, कार्बोरेटर सगळे बदलले तरी आरसीवरचा इंजिन नंबर बदलत नाही आणि परवानगीचा प्रश्नच उभा राहत नाही. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो. बाजारात ‘हाफ इंजिन’ म्हणून जे मिळते त्यात ब्लॉक येतोच. ‘आपण फक्त सुटे भाग घेतले’ असे समजून हाफ इंजिन बसवणारे अनेक जण पुढे आरटीओत पासिंगच्या वेळी अडकतात, ते याच कारणाने.

ब्लॉकला तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉडने तो फोडला असेल, तर मात्र दुसरे इंजिन घ्यावे लागेल. तिथे मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ लागू होते. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. नोंदणी प्राधिकाऱ्याच्या, म्हणजे आरटीओच्या, संमतीविना बदल झाला असेल तर तो १४ दिवसांच्या आत कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हेच कलम कडकपणे वाचले आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालणार नाही असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्याने लिहिले गेले. कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

मारुतीच्या डिझेल इंजिनाची वाट इथेच बंद होते. इंधन बदलण्याची जी सवलत कायद्यात आहे ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनांसाठी, ठरलेल्या अटींवर आणि कन्व्हर्जन किट बसवून. दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या क्षमतेचे डिझेल इंजिन मेस्त्रीने चॅसिसवर बसवणे त्यात येत नाही. अशा गाड्या रस्त्यावर दिसतात हे खरे. पण अपघात झाला, विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि आरसीवर ‘पेट्रोल’ असताना बॉनेटखाली डिझेल निघाले, तर दाव्याचा वाद मालकाच्या गळ्यात पडतो.

या वाचकाच्या गाडीला आणखी एक गोष्ट लागू आहे आणि तिच्यात पैसा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या खासगी दुचाकी आणि चारचाकी तिच्यात येतात. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यात मोठा फेरफार झालेला नसावा. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षांची असते, पहिले शुल्क २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५ हजार. गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

१९७० ची फियाट वयाने या नियमात बसते. स्वतःचा ब्लॉक वाचला तर अर्ज भक्कम होतो. त्याच जातीचे १०८९ सीसीचे इंजिन कागदांसह बसवले असेल तर तपासणाऱ्या समितीपुढे बाजू मांडायला जागा राहते. डिझेल बसवले तर काहीच हातात राहत नाही. म्हणून जुने इंजिन बदलायचे ठरले तरी मूळ ब्लॉक भंगारात देऊ नये. तडा गेलेला का असेना, गाडीबरोबर जपून ठेवावा. उद्या गाडी विकायची झाली तर जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी त्याचीच चौकशी करते.

इटलीची वाट थोडक्यात उरकता येते. परकीय व्यापार धोरणात यंत्रसामग्रीखेरीज वापरलेल्या मालाची आयात ‘प्रतिबंधित’ गटात येते, म्हणजे त्यासाठी परवाना लागतो. शिवाय इटलीत १९६२ नंतरच्या ११०० डी गाडीला १२२१ सीसीचे इंजिन होते. भारतीय गाडीच्या आरसीवर १०८९ लिहिलेले असते. एवढा खर्च करून तसे इंजिन आणले तर ते तपशिलातच बसणार नाही.

राहिले कुर्ला. प्रीमियरचा कारखाना तिथलाच, आणि सीएसटी रोडच्या भंगार बाजारात या गाड्यांचे सामान अजून मिळते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सीचे इंजिन घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पुष्कळ टॅक्स्या वर्षानुवर्षे सीएनजीवर धावल्या आणि त्या कोरड्या इंधनाने व्हॉल्व्हच्या सीट झिजतात. म्हणून कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन उचलू नये. पद्मिनी डिझेलमध्येही आली होती, तेव्हा नंबर आणि सीसी दोन्ही पडताळावेत.

नंबराची जागा नखाने आणि भिंगाने तपासावी. तिथे घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचा थर किंवा वेगळ्या ठशाचे आकडे दिसले तर सौदा तिथेच सोडावा. ‘तुमच्या आरसीवरचा नंबर या ब्लॉकवर पंच करून देतो’ असे सुचवणारे भेटतात. ते कधीही मान्य करू नये. ते सरळसरळ फौजदारी प्रकरण आहे आणि एकदा ठोकलेला खोटा नंबर गाडीची किंमतही संपवतो.

विक्रेत्याकडून घ्यायचे कागद असे : इंजिन नंबर स्पष्ट लिहिलेले बिल, ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या आरसीची प्रत, आणि ती गाडी मोडीत काढून नोंदणी रद्द केल्याचा पुरावा. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचे, असे कलम ५५ सांगते, त्यामुळे हा कागद मागणे अवाजवी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सेवेत नोंदणी, चॅसिस आणि इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का हेही पाहता येते. तिथे काही निघाले नाही म्हणून बिल सोडू नये. फार जुन्या चोऱ्या संगणकावर असतीलच असे नाही.

एवढी काळजी का? चोरीच्या मालाची मालकी चोराकडून पुढे जात नाही, हे १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम २७ चे सूत्र आहे. पैसे मोजूनही इंजिन खऱ्या मालकाचेच राहते आणि पोलीस ते जप्त करू शकतात. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाजारभावाच्या निम्म्यात, बिलाशिवाय, रोखीने घेतलेले इंजिन ‘कारण असताना’ या शब्दांत सहज सापडते.

शेवटी क्रम. वडिलांच्या नावावर आरसी असेपर्यंत या वाचकाला मालक म्हणून बदलाचा अर्ज करता येणार नाही. वारसाच्या नावे हस्तांतर फॉर्म ३१ वर होते. मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. इतक्या जुन्या गाडीची नोंद संगणकावर नसेल तर आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. हे झाल्यावर इंजिनाचे बिल जोडून बदलाचा अर्ज, मग पासिंग, मग नवा नंबर आरसीवर. मुदत संपलेल्या नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते आणि त्यालाही पासिंग लागते. विमा कंपनीला नवा इंजिन नंबर कळवून एन्डॉर्समेंट घ्यायला विसरू नये. कर्जावर घेतलेल्या गाडीसाठी बँकेची लेखी संमतीही लागते. इथे तो प्रश्न नाही.

प्रश्न : ठाण्याच्या एका वाचकाला दुकानदाराने सांगितले, ‘बिल हवे तर १८ टक्के जास्त पडतील.’ बिल सोडून पैसे वाचवावेत का?

उत्तर : नाही. मोटारीच्या इंजिनांवर आणि सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. आधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. दुकानदार जीएसटीत नोंदलेला असेल तर बिल देणे हे त्याचे कर्तव्य आहे, गिऱ्हाइकावरचा उपकार नव्हे. बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक असतो आणि तो सरकारी पोर्टलवर तपासता येतो. छोटा दुकानदार नोंदलेला नसेल तर त्याने कर लावायचाच नाही, पण साधे बिल, नाव-पत्ता आणि इंजिन नंबर त्याने द्यायलाच हवा. जुन्या गाडीचा खासगी मालक इंजिन विकत असेल तर त्याच्याकडून सहीचा विक्रीलेख आणि ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि पैसे बँकेतून द्यावेत. बिलाविना वाचलेले १८ टक्के आरटीओच्या खिडकीवर पूर्ण इंजिनाच्या किमतीएवढे महाग पडू शकतात.

प्रश्न : नागपूरच्या एका वाचकाने अँबेसेडरसाठी दुकानातून ‘चालू इंजिन’ घेतले. बसवल्यावर ब्लॉकला आतून तडा निघाला. विक्रेता ‘भंगारच्या मालाला गॅरंटी नसते’ म्हणतो. आता काय करावे?

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. वापरलेल्या मालाला नव्यासारखी हमी नसते. पण गिऱ्हाइकाने उद्देश सांगितला, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला आणि तो असा माल विकण्याचा धंदा करतो, तर माल त्या उद्देशाला योग्य असण्याची अट माल विक्री अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे सौद्यात येते. बिलावर ‘चालू इंजिन’ लिहिले असेल तर बाजू आणखी बळकट होते.

पहिले काम म्हणजे इंजिन आणखी न उघडता मशीनशॉपकडून लेखी अहवाल आणि फोटो घेणे. मग विक्रेत्याला लेखी नोटीस देऊन परतावा किंवा बदली इंजिन मागावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मात्र हा मार्ग धंदा करणाऱ्या विक्रेत्याविरुद्धच चालतो. एखाद्या खासगी मालकाने आपल्या जुन्या गाडीचे इंजिन एकदाच विकले असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. म्हणून तशा सौद्यात पूर्ण रक्कम आधी न देता इसार द्यावा, बाकी रक्कम कॉम्प्रेशन तपासणीनंतर द्यायची हे कागदावर लिहून घ्यावे, आणि त्याच कागदावर इंजिन नंबर टाकावा.