कोळंबीच्या पैदाशीसाठी मोजमापावरून निवड

गोड्या पाण्यातील कोळंबीच्या तळ्यातून मोठी कोळंबी प्रथम बाजारात जाते व मागे उरलेल्या अंडीवाल्या माद्या पैदाशीसाठी ठेवल्या जातात. ही पद्धत हानिकारक होय. अशा माद्यांत लहान आकारातच अंड्यावर आलेल्या पुष्कळ असतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचेच बीज वापरल्यास वाण खुरटत जातो. म्हणून पैदाशीची निवड विक्रीपूर्वीच केली पाहिजे.

काय मोजावे ?

केवळ वजनावर विसंबून चालत नाही. नांगी तुटल्यास वजन घटते, पोटाखाली अंडी असल्यास वाढते. कवचाची लांबी मात्र एकदा कात टाकल्यापासून पुन्हा टाकीपर्यंत कायम राहते. डोक्यावरील करवतीसारखा काटा वारंवार मोडत असल्याने एकूण लांबी फसवी ठरते. त्याऐवजी डोळ्याच्या खोबणीच्या मागील कडेपासून डोक्यावरील कवचाच्या मागील कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. शेपटीच्या भागाची लांबीही नोंदवावी, कारण खाण्याजोगे मांस मुख्यतः तेथेच असते. लहान फरकही उपेक्षणीय नाही. बांधा सारखा असता लांबी १० टक्क्यांनी अधिक असलेल्या कोळंबीचे वजन सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक भरते.

नर व मादी वेगळी तोलावी

नरांत लहान, नारिंगी नांगीचे व निळ्या नांगीचे असे तीन प्रकार आढळतात. निळ्या नांगीच्या नरांच्या दडपणाखाली लहान नरांची वाढ खुंटते. मोठे नर काढून घेतल्यास त्यांतील कित्येक झपाट्याने वाढतात. यास्तव नराचा आकार हा त्याच्या वंशाचा खात्रीचा पुरावा नव्हे. मादीचे मोजमाप त्या मानाने अधिक विश्वसनीय असते. नराची तुलना त्याच प्रकारच्या नराशी व मादीची मादीशीच करावी.

निवडीची रीत

एकाच दिवशी, एकाच तळ्यात सोडलेल्या कोळंबीतूनच निवड करावी. अन्यथा वयाचा वा खाद्याचा लाभ वंशाचा गुण म्हणून गणला जाईल. तळ्याच्या निरनिराळ्या भागांत जाळे टाकून नमुने घ्यावेत, सरासरी काढावी व तीहून सरस असलेली निरोगी कोळंबी राखावी. बीज मोजक्याच माद्यांचे नसावे. जवळच्या नात्यातील संकराने वाण दुर्बल होतो.

भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने २००७ साली निवड पैदाशीचे काम हाती घेतले, तेव्हा गुजरात, केरळ व ओडिशा येथील कोळंबी एकत्र आणली ती याच कारणास्तव. निवडीचे फळ एका हंगामात दिसत नाही. नोंदवही मात्र पहिल्याच हंगामापासून ठेवावी.