पानावरून वामनवृक्षाची ओळख : पंचवल्कलाच्या संदर्भात

अमरावती व अकोला येथील रोपवाटिकांत वामनवृक्षांच्या, म्हणजे बोन्सायच्या, कुंड्या आता सहज मिळतात. त्यांत वड, पिंपळ, उंबर व पाखर ही झाडे वारंवार आढळतात, कारण ती थोड्या मातीत तग धरतात व छाटणी सोसतात. हीच झाडे आपल्या पंचवल्कलाची घटकद्रव्ये होत. कुंडीतील झाडास बहुधा फळ नसते व साल कोवळी असते. निश्चितीसाठी हाती उरते ते केवळ पान. पानाचा हा अभ्यास कुंडीपुरता नाही. ज्या झाडाची साल आपण क्वाथासाठी काढवितो, त्याखाली उभे राहूनही तो तितकाच उपयोगी पडतो.

प्रथम लांबी-रुंदीचा विचार बाजूस ठेवावा. वडाचे पान मोठ्या झाडावर १० ते २० सेंटिमीटर असते. मुळे छाटल्याने व पाने वारंवार खुडल्याने तेच कुंडीत चारपाच सेंटिमीटरवर येते. ग्रंथांतील मापे येथे फसवितात. शिरांची मांडणी, टोकाचे स्वरूप, उपपर्ण व क्षीर ही लक्षणे मात्र झाड खुजे झाले तरी टिकतात. पाहावयाचे पान शेंड्यापासून तिसरे वा चौथे, पूर्ण पक्व असे घ्यावे. फाल्गुन-चैत्रातील कोवळ्या पालवीवरून निर्णय करू नये.

पहिली परीक्षा क्षीराची. पान देठासह खुडताच पांढरा चीक आला आणि देठाच्या जागी फांदीभोवती बारीक वलय दिसले, तर झाड फायकस वर्गातील होय. हे वलय म्हणजे कळीस वेढणाऱ्या उपपर्णाची गळून गेल्यावरची खूण.

या एका परीक्षेने पारीष वेगळा पडतो. पारीष म्हणजे थेस्पेशिया पॉप्युल्निया. तो कापूस व जास्वंदीच्या कुळातील आहे. त्याचे पान पिंपळासारखे हृदयाकृती, म्हणूनच लोक त्यास पारसपिंपळ म्हणतात. पण त्यास पांढरा चीक नाही, फांदीवर वलय नाही व पानास लांब शेपूटही नाही. कोवळ्या पानाच्या पाठीवर भिंगातून तांबूस खवले दिसतात. हे मूळचे समुद्रकाठचे झाड. वऱ्हाडात ते लावलेलेच सापडते. त्यामुळे येथील रानातून आणलेली म्हणून कोणी पारीषाची साल पुढे केली, तर पानासह डहाळी मागावी. भावप्रकाशाने पारीषाच्या स्थानी काहींच्या मते शिरीष व काहींच्या मते वेतस असे मतांतर नोंदविले आहे. शिरीषाचे पान द्विपिच्छाकृती असल्याने तेथे संभ्रमास जागा नाही.

क्षीरी वृक्षांत वड ओळखणे सोपे : पान जाड, चिवट, टोक बोथट, देठ आखूड व दणकट. पिंपळाचे पान तळाशी सर्वांत रुंद, देठ लांब व सडपातळ, आणि टोकाचे शेपूट पात्याच्या सुमारे एकतृतीयांश. उंबराचे पान पातळ, लांबट, टोकाकडे निमुळते, तळाशी तीन ठळक शिरा. मोठ्या झाडावर पानांवर कीटकजन्य गाठीही आढळतात.

खरी अडचण प्लक्षाची. फायकस व्हायरेन्स म्हणजे पाखर. पण बसारी, पिंपरी, पायर ही नावे गावागणिक निरनिराळ्या झाडांना दिली जातात, म्हणून साल आणणाऱ्याच्या तोंडच्या नावावर विसंबू नये. पाखरीचे पान लांबट-अंडाकृती, देठ लांब, टोक एकाएकी निमुळते होऊन आखूड राहते. पिंपळाशी तुलना करताना शेपटाची लांबी पात्याशी ताडून पाहावी. केवळ पाहून ठरविण्यापेक्षा हे अधिक विश्वसनीय.

बाजारात ‘वडाचा बोन्साय’ म्हणून मिळणारी फुगीर मुळांची कुंडी बहुधा नांद्रुकाची, म्हणजे फायकस मायक्रोकार्पाची असते. चीक व वलय तिलाही आहे. परंतु पान लहान, गुळगुळीत, चकचकीत व आखूड देठाचे असते. शोभेस ती उत्तम, पण विद्यार्थ्यांस वड म्हणून दाखवू नये.

पंचवल्कलाचा क्वाथ आपण व्रणप्रक्षालनास नित्य वापरतो. वाळलेल्या सालीचे तुकडे पोत्यात एकत्र झाले की डोळ्यांनी त्यांचा निवाडा कठीण होतो. म्हणून ओळख साल काढण्यापूर्वीच व्हावी. सन २००० मध्ये अधिसूचित झालेल्या अनुसूची ‘टी’नेही कच्च्या द्रव्यांची शहानिशा व नोंद निर्मात्यावर सोपविली आहे. माझ्या मते त्यासाठी स्वस्त उपाय एकच : सालीच्या प्रत्येक खेपेबरोबर त्याच झाडाची पानांसह डहाळी मागावी, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी व कागदावर चिकटवून स्थळ, दिनांक व आणणाऱ्याचे नाव लिहून खेपेच्या क्रमांकाने जपून ठेवावी. चीक व वलयाची नोंद डहाळी ताजी असतानाच करावी. वाळल्यावर चीक दिसत नाही. शंका उरल्यास डहाळी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांस अथवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांस दाखवावी, व तोवर ती खेप वेगळी ठेवावी.