माळरानाचे मूळ वैभव : परकीय वनस्पतींचे निर्मूलन आणि देशी अधिवासाचे पुनरुज्जीवन

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस, तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमामुळे शिक्षणप्रेमींस परिचित आहे. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे पाऊस बेताचा, जमीन मुरमाड व उथळ. त्यामुळे घनदाट अरण्य हे या भूमीचे मूळ रूप नव्हे. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी यांसारखी गवते आणि त्यांत विरळ उभे असणारे हिवर, बाभूळ, बोर, खैर, तरवड हे येथील खरे निसर्गधन होय. बाहेरगावाहून येणाऱ्या भाविकांस उन्हाळ्यात हा माळ उजाड भासतो. परंतु गवताची मुळे जमिनीत जिवंत असतात व मृगाच्या सरींबरोबर सारा माळ पुन्हा हिरवा होतो.

आगंतुक वनस्पतींचा परिचय

या माळांवर आज तीन परकीय वनस्पतींचा विशेष उपद्रव आढळतो. तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातील आहेत.

१) गाजर गवत : भारतात या वनस्पतीची शास्त्रीय नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रथम पुण्यातच झाली. एकच रोप हजारो बिया देते. त्याच्या संपर्काने अनेकांच्या त्वचेस खाज व पुरळ येते, काहींस दम्याचा त्रास होतो. मेक्सिकोतून आणलेले व केवळ याच्या पानांवर जगणारे भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आले. त्यांचा उपयोग झाला, तथापि उपद्रव संपला नाही.

२) घाणेरी : शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हे कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आले. त्याची काळी फळे बुलबुल, साळुंकी आदी पक्षी खातात व बी दूरवर नेतात. पाने मात्र गुरांस विषारी असतात.

३) वेडी बाभूळ : सरपण मिळावे व पडीक जमीन झाकली जावी, या सद्हेतूने हिची लागवड झाली. शेळ्या-गुरे हिच्या गोड शेंगा खातात आणि शेणातून बी सर्वत्र पसरते. कच्छच्या बन्नी या विख्यात गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात ही लावली गेली व तिने तेथील कुरणांचा मोठा भाग व्यापला. तेथील पशुपालक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळच म्हणतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हानी कोणाची?

ज्या ठिकाणी या वनस्पती माजतात, तेथे देशी गवत खुंटते. गवत गेले की मेंढपाळांचा चारा जातो. चिंकारा, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक यांचा आसराही जातो. पुणे जिल्ह्यातच बारामती तालुक्यात सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अवघे सुमारे ५.१४ चौरस किलोमीटरचे असूनही चिंकारांसाठी प्रसिद्ध आहे. माळरान ही पडीक जागा नसून एक स्वतंत्र अधिवास आहे, याचा तो पुरावा होय.

पूजाविधीशीही या विषयाचा निकट संबंध आहे. श्रीगणेशास वाहावयाच्या एकवीस पत्रींत शमी, आघाडा, माका, डोरली, रुई या सर्व येथील माळ-बांधांवरील वनस्पती आहेत. शमी व वेडी बाभूळ वनस्पतिशास्त्रानुसार जवळच्या नातलग. परंतु एक या भूमीशी हजारो वर्षे जुळलेली, तर दुसरी शेजाऱ्यास वाढू न देणारी. बांधावरची शमी दिसेनाशी झाली, तर पुढील पिढीस पत्री केवळ बाजारातच पाहावी लागेल.

निर्मूलनाची पद्धत

केवळ कोयत्याने तोडल्यास घाणेरी व वेडी बाभूळ बुंध्यापासून अधिक जोमाने फुटतात. म्हणून मुळाशी काम करावे लागते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी घाणेरीसाठी विकसित केलेली पद्धत कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात यशस्वी ठरली. जेथे खोड संपून मूळ सुरू होते, त्या सांध्याच्या किंचित खाली कुदळीने मुख्य मूळ तोडावयाचे, झुडूप उचलावयाचे आणि मुळे वर येतील असे उलटे ठेवावयाचे. अशा रीतीने ते पुन्हा रुजत नाही. जमीनही फारशी उकरली जात नाही. हे काम फळे धरण्यापूर्वी करणे हिताचे.

वेडी बाभळीचा बुंधा जमिनीखाली खोलवर खणून, फुटवे येणारा भाग काढावा लागतो. गाजर गवत पावसाळ्यात, जमीन ओली असताना व फुलण्यापूर्वी मुळासह उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व नाकावर फडके आवश्यक आहे. त्वचारोग वा दमा असणाऱ्यांस हे काम देऊ नये.

तथापि काढणे हे अर्धेच कार्य होय. मोकळी झालेली जमीन तशीच सोडल्यास जमिनीतील बियांतून तेच तण परतते. म्हणून पावसाळा संपताना देशी गवतांचे बी गोळा करावे, पुढील मृगापूर्वी ते पेरावे, काही काळ चराई थांबवावी आणि पुढील तीन-चार वर्षे दर पावसाळ्यात नवी रोपे उपटीत राहावे. पक्षी बसतात त्या वृक्षांखाली विशेष लक्ष द्यावे.

विवेकाची गरज

वेडी बाभूळ आज अनेक गरीब कुटुंबांची चूल पेटविते. बन्नीतही काहींचा चरितार्थ तिच्या कोळशावर चालतो. तेव्हा एका हंगामात सरसकट तोड करणे न्याय्य नाही. गावाने टप्पे ठरवावेत. काढलेले सरपण प्रथम गरजूंस द्यावे, श्रमाची योग्य मजुरी द्यावी आणि चराईबंदीचा निर्णय मेंढपाळांस सोबत घेऊन करावा. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थापन होणाऱ्या स्थानिक समितीत हा विचार व्हावा. गायरान वा वनजमिनीवर संबंधित परवानगीशिवाय कोणतेही काम करू नये.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. पुण्यकर्म म्हणून माळावर सरसकट वृक्षारोपण केले जाते; त्यासाठी खड्डे खणताना गवतच नष्ट होते. वृक्ष गावठाणात, ओढ्याकाठी, बांधावर लावावेत. माळास माळच राहू द्यावे.

भाविकांस विनंती

पूर्वजांनी देवाच्या नावाने देवराया राखल्या. १९७० च्या दशकात प्रा. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगासमोर मांडले. देवाची म्हणून राखलेली भूमी टिकते, हा त्यातील बोध. भाविकांनी घाणेरीची रोपे शोभेसाठी नेऊ नयेत, पत्री मुळासह उपटू नये, उन्हाळ्यात वाळल्या गवतास आगीची ठिणगी लागू देऊ नये आणि आपल्या बांधावर शमी, आपटा वा बेलाचे एक तरी रोप जोपासावे. ही सेवा श्रीचरणी निश्चितच रुजू होईल.